थैलीतून की समोरून

माझी लघवी अडली ती जावयाच्या धोंड्याच्या जेवणात. तीही व्याह्यांच्या समोर, पानावर बसलेलो असताना. "दुसरा मुहूर्त नव्हता का?" असं बायको अजूनही विचारते, आणि मी अजूनही चिडतो. अडायचं असतं ते काही पंचांग बघून अडत नाही.

मी नागपूरचा, सत्तरीला टेकलेला माणूस. सदरमध्ये माझं चष्म्याचं दुकान आहे. उभा जन्म लोकांच्या डोळ्यांपुढे काचा धरून "आता स्पष्ट दिसतं की मघाशी दिसत होतं?" हे विचारण्यात गेला. स्वभावानं तापट. हे गिऱ्हाइकंही सांगतील. बायकोला मात्र विचारू नका, ती सुरू झाली की थांबत नाही. आम्हाला एकच मुलगी, ती नागपूरजवळच्या खाप्यातल्या एका घरात दिली. जावई मिहानमधल्या एका कंपनीत आहेत म्हणून दोघं नागपुरातच राहतात, पण व्याही खाप्यालाच. त्यांचं घर मूळचं विणकरांचं. माग केव्हाच गेले, आता संत्र्याची बाग आहे. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पिळदार मिश्या, आणि आवाज असा की शेजारच्या घरातल्यांनी दचकून हातातलं भांडं खाली ठेवावं.

मुलीच्या बापानं कसं वागायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं. व्याही बसल्याशिवाय बसायचं नाही, ते उठल्याशिवाय पानावरून उठायचं नाही, ते काही बोलले की "बरोबर आहे" म्हणायचं. दुकानात मी कुणाच्या बापाचं ऐकून घेत नाही, पण व्याह्यांपुढे माझी मान आपोआप हलायची. मुलगी म्हणायची, "बाबा, ते काही खात नाहीत तुम्हाला." मी म्हणायचो, तू गप बस, तुला काय कळतं.

तर त्या अधिक महिन्यात जावयाला आणि व्याह्यांना जेवायला बोलावलं होतं. विहीणबाई काही वर्षांपूर्वी वारल्या, म्हणून व्याही एकटेच आले. मला दोन दिवसांपासून सर्दी होती. मेडिकलवाल्याकडून गोळी आणून घेतली होती, नाक मोकळं झालं होतं आणि मी खूष होतो. त्या गोळीनं वरचं मोकळं होतं आणि खालचं आवळतं, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. तशी लघवीची कुरकुर माझी जुनीच होती. जायचं, उभं राहायचं, वाट बघायची, थोडी यायची, परत यायचं आणि बसलं की पुन्हा जावंसं वाटायचं. वय झालं, असं म्हणून मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून करायचं काय? चारचौघांत सांगायचा विषय आहे का तो?

माझा उजवा खुबा आखडलेला आहे, मांडी घालता येत नाही, म्हणून आम्ही टेबलावर जेवतो. पण नियम पाटाचेच. सकाळपासून पाहुण्यांच्या धावपळीत मी बाथरूमला गेलोच नव्हतो. पहिली वाढणी झाली आणि मला कळ आली. म्हटलं, आता होईलच यांचं. पण बायकोनं वडाभात आणला, आणि व्याह्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू!

"वाढा इहीनबाई, वाढा. असा वडाभात आमच्या खाप्यात कोनी करत नाही."

आता यजमान म्हणून मी काय म्हणायचं? "आणखी घ्या ना, संकोच करू नका." तोंडानं हे म्हणत होतो आणि मनात देवाला म्हणत होतो की याला पुरे म्हणण्याची बुद्धी दे बाप्पा. देवानं ऐकलं नाही. त्यांनी आणखी घेतला, त्यावर फोडणीचं तेल घेतलं, मग कढी, मग अनारसे. घास सावकाश चावायचा त्यांचा रिवाज. मी घामानं चिंब. पाय एकमेकांत अडकवून बसलो होतो. मुलीनं दोनदा माझ्याकडे बघितलं, मी डोळ्यानंच तिला गप्प केलं.

शेवटी त्यांनी हात धुतले आणि मी जवळजवळ पळालो. आणि तिथे उभा राहिलो तर काही नाही. थेंब नाही. जोर लावला, वाकलो, बसलो, देवाचं नाव घेतलं. पोट खाली दगडासारखं टणक झालं होतं. थोड्या वेळानं मी दार उघडलं आणि बायकोला एवढंच म्हटलं, "मले दवाखान्यात ने."

जावयांनी गाडी काढली. व्याही न विचारता मागे माझ्या शेजारी येऊन बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धोंड्याचं जेवण जेवायला आलेले मुलाचे वडील, त्यांच्या अजून ओल्या हाताला अनारशाचा वास, आणि शेजारी मी कण्हत बसलेला. ते सगळा रस्ता फक्त "होते, होते, बरं होते" एवढंच म्हणत होते. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरनं नळी घातली. पिशवी भरली, ती रिकामी केली, ती पुन्हा भरली. मी त्या पोराच्या पाया पडलो असतो, पण पडायची सोय नव्हती. सुख कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी समजलं. लग्न, मुलगी, दुकान, सगळं एका बाजूला.

ते सुख तेवढ्यापुरतंच; नळी आणि पिशवी लावूनच मला घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात रामदासपेठेतल्या एका सर्जनकडे गेलो. बारीक अंगाचा, शांत बोलणारा माणूस. मी, बायको आणि मुलगी तिघं समोर. त्यांनी सोनोग्राफी बघितली आणि म्हणाले, "काका, प्रोस्टेटची गाठ चांगलीच मोठी झाली आहे. एरवी आम्ही दुर्बीण लघवीच्याच रस्त्यानं आत घालतो. पण त्यासाठी पाय फाकवून वर टांगावे लागतात, आणि तुमचा हा खुबा तसा वळणार नाही. गाठही एवढी आहे की मला पोट उघडूनच ती काढणं जास्त सुरक्षित वाटतं."

"पोट उघडून म्हणजे कुठून?" मी विचारलं.

त्यांनी कागद ओढला आणि चित्र काढलं. "गाठ संत्र्यासारखी समजा. साल तिथेच राहू द्यायची, आतला गर तेवढा सोडवून काढायचा." नागपुरात डॉक्टरलाही संत्र्याशिवाय काही सुचत नाही, असं माझ्या मनात आलं. पण बायकोला लगेच कळलं, ती मान डोलवायला लागली. "त्या गरापर्यंत जायचे रस्ते दोन. बेंबीखाली चीर दोन्हीत आहेच. एका रस्त्यात लघवी साठते ती थैली उघडायची आणि थैलीच्या तळातून बोट घालून गर सोडवायचा. दुसऱ्यात थैली उघडायचीच नाही. तिच्या खाली, पुढच्या हाडाच्या मागे गाठ असते, तिथे समोरून जाऊन सालीलाच चीर द्यायची."

"तिसरा नाही का?" मी म्हटलं. मला सगळं विचारायची खोड आहे.

"होता. खालून, बसायच्या जागेतून. आता सहसा कुणी करत नाही."

ते ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. मुलगी खिडकीबाहेर बघायला लागली.

समोरून गेलं तर रक्त कुठून येतंय ते डोळ्यांना नीट दिसतं, तिथल्या तिथे टाका घालता येतो, आणि थैली शाबूत राहते म्हणून नंतरचा त्रास कमी. थैलीतून गेलं तर आत खडा असेल तो काढता येतो, गाठीचा भाग थैलीत वर आला असेल तर तोही हाताशी येतो. पण मग थैली शिवावी लागते, पोटातूनही एक नळी ठेवावी लागते, आणि बरं व्हायला जरा जास्त दिवस. डॉक्टर म्हणाले, "नळीमुळे थैली रिकामी आहे, सोनोग्राफीत आतलं नीट दिसत नाही. आधी एक स्कॅन करू, मग ठरवू." आणि मग चष्मा काढून, काच पुसत म्हणाले, "एक गोष्ट मात्र आत्ताच सांगून ठेवतो. गाठ काढणं माझं काम. पण तुमची थैली कित्येक वर्षं ताणली गेली आहे. तिच्यात दाबायचा जोर किती उरला आहे हे आज सांगता येत नाही. ऑपरेशननंतर नळी काढू तेव्हाच कळेल."

"आणि जोर नसला तर?"

"तर नळी परत घालावी लागेल. काही महिने. एखाद्याला कायमची."

त्या 'कायमची' शब्दानं माझी झोप उडवली. चष्म्याच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या तोंडाशी तोंड न्यावं लागतं, त्याच्या बुबुळाची खूण काचेवर करावी लागते. तिथे मांडीला मुताची पिशवी बांधून मी उभा राहू? कुणी नाक मुरडलं तर? दुकान म्हणजे माझा श्वास आहे हो. घरी बसलो तर बायको मला आठ दिवसांत मारून टाकेल किंवा मी तिला. हे ती स्वतःच म्हणाली.

मग मी अभ्यासाला लागलो. मोबाइलवर ऑपरेशनचे व्हिडिओ बघायचो. बायको वरणभाताचं ताट घेऊन यायची आणि स्क्रीन बघून तशीच परत जायची. सगळं बघून माझं मत पक्कं झालं: समोरूनच. जिथे दिसतं तिथेच हात घालावा. थैलीत बोट घालून चाचपडत गर काढायचा म्हणजे आंधळ्यानं काच घासण्यासारखं. मी येईल त्याला हे ऐकवायला लागलो. शेजारी ऐकून गेले, दूधवाला ऐकून गेला.

आणि एका सकाळी खाप्याहून फोन आला की व्याही भेटायला येत आहेत. घरात धांदल उडाली. नळी तशीच, पिशवी तशीच. ती दिसणार कशी नाही? बायकोनं ती साडीच्या दुकानाच्या एका कापडी थैलीत घातली, थैली खुर्चीच्या पायाला अडकवली, वरून माझ्या पायांवर शाल पांघरली. भर उकाड्यात शाल! व्याही आले, आंब्यांची पेटी ठेवली, समोर बसले. एकदा त्या थैलीकडे बघितलं, एकदा शालीकडे, आणि पंख्याकडे बघत म्हणाले, "गर्मी लय आहे, इवाई." आमच्या इकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

थोडा वेळ पावसाच्या, बागेच्या गोष्टी झाल्या. मग ते म्हणाले, "मंग डाक्टर काय म्हनते?"

झालं! मी सुरू झालो. कागदावर काढून दाखवलं, दोन्ही रस्ते सांगितले, व्हिडिओत काय बघितलं ते सांगितलं. बोलता बोलता मी विसरलोच की समोर कोण बसलंय. म्हटलं, "आता तुम्हीच सांगा, कोणता शहाणा माणूस थैलीतून करून घेईल? आत बोट घालायचं आणि चाचपडायचं! अहो, ज्याच्या डोक्यावर परिणाम झालाय तोच घेईल तसं करून."

 बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती तशीच थबकली. तिला काही माहीत नव्हतं, पण बायकांना हवा कळते. व्याह्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तिला म्हणाले, "इहीनबाई, जरा गूळ अन् पानी भेटन का?" ती आत गेली. मग ते उठले, दार लोटून घेतलं, माझ्यासमोर उभे राहिले आणि सदरा वर केला. बेंबीखालून सरळ खाली गेलेला एक वण. त्याच्या बाजूला आणखी एक बारकी खूण, गोल.

"ही चीर," ते म्हणाले, "अन् ही पोटातल्या नळीची जागा. थैलीतून."

 दीड-दोन वर्षांपूर्वी व्याह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं, मी सफरचंदं घेऊन भेटायला गेलो होतो, आणि हर्नियात काय पथ्य पाळावं यावर त्यांना व्याख्यान देऊन आलो होतो. त्यांनी तेव्हा सगळं ऐकून घेतलं होतं.

"पण तुम्ही तर हर्निया..."

"लोकायले हर्नियाच सांगतो. पोराले पन. खाप्यात एकदा समजलं ना का याले मुताचा त्रास आहे, मंग पानठेल्यावर दुसरा इषय नाही. सात पिढ्या हेच ऐकावं लागन."

मी हात जोडले. खरंच जोडले. मुलाच्या वडिलांना मी त्यांच्या तोंडावर वेडा म्हणालो होतो. "व्याहीबुवा, चुकलो. माझं तोंड म्हणजे..."

"अहो बसा," ते म्हणाले, आणि हसायला लागले. त्यांचं पोट हललं तसा तो वणही हलला. "चुकलं काय त्यात? मलेही भेवच वाटून राहिला होता. मीही डाक्टरले म्हनलं, अबे बोटानं काय काढतं, मी काय चिकू आहो?"

मग ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले, समोरच्या नाही, आणि सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. पाठीतल्या इंजेक्शननं पाय मेल्यासारखे होतात, पोटात कोणी चाचपडतंय एवढं कळतं, दुखत नाही. दुखतं ते नंतर. थैलीला आकडी येते, लघवी आली आली असं वाटतं, नळीतून लाल पाणी जातं आणि आपण मरणार असं वाटतं. "तवा घाबरू नका," ते म्हणाले. "मले कोनी सांगतलं नव्हतं. मी सिस्टरले म्हनलं, माई, माह्या पोराले बोलाव, मी चाल्लो. ते म्हने, बाबा, चहा पिता का?"

मी हसलो. लघवी अडल्यापासून पहिल्यांदा मनापासून हसलो. बायको गूळपाणी घेऊन आली तेव्हा सदरा खाली होता आणि आम्ही दोघं डोळे पुसत होतो. तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे.

"अन् आता?" मी हळूच विचारलं.

"आता?" त्यांनी तिच्याकडे बघून आवाज उतरवला. "बागेच्या भितीवर धार मारतो तं पोपडा पडते."

कोणता रस्ता चांगला, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं. म्हणाले, "मी काय डाक्टर आहो? माह्यात आत खडा होता म्हनून तिकून गेले. तुमच्यात काय आहे ते स्कॅन सांगन."

स्कॅननं सांगितलं. थैलीत खडा होता, आणि गाठीचा मधला भाग थैलीच्या तोंडातून चांगला वर आला होता. सर्जन म्हणाले, "काका, आता समोरून गेलो तरी खड्यासाठी थैली उघडावीच लागेल. मग एका खोलीला दोन दारं कशाला पाडायची? थैलीतूनच जाऊ." त्यांना बहुतेक मुलीनं माझं मत सांगितलं होतं, कारण ते पुढे म्हणाले, "आणि चाचपडत करत नाही हं आम्ही. गर निघाला की दिवा लावून आत बघतो, रक्त येतंय तिथे टाके घालतो."

"घाला," मी म्हटलं. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं होतं मी भांडणार.

ऑपरेशन झालं. व्याह्यांनी सांगितलं होतं तसंच, पाय मेले आणि पोटात कोणी चाचपडत राहिलं. बाहेर आलो तेव्हा सर्जननी मला एका डब्यात तो गर दाखवला आणि खडाही. खडा चांगला लिंबाएवढा. मी एवढे दिवस तो घेऊन दुकानात उभा होतो! नंतरचे दिवस वाईट गेले, ते खोटं कशाला सांगू. दोन नळ्या, लाल पाणी, वरून सलाईनची धार. थैलीला आकडी आली की गादीची कड धरायचो. पण घाबरलो नाही. सिस्टरला एकदाही मुलीला बोलाव म्हटलं नाही. चहा मात्र मागितला.

पाणी हळूहळू गुलाबी झालं, मग स्वच्छ झालं. पोटातली नळी निघाली, ती जागा भरत आली. आणि मग तो दिवस आला. सकाळी सिस्टरनं खालची नळी काढली. म्हणाली, "काका, पाणी प्या, आणि आली की सांगा. नाही आली तर दुपारी डॉक्टर परत नळी घालतील."

मी पाणी प्यायलो. बायको उशाशी, मुलगी पायाशी. दोघी माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू दूध उतू जायची वाट बघतायत. अशा नजरेखाली कोणाला होईल? मी बाथरूममध्ये जाऊन आलो. काही नाही. परत पाणी प्यायलो, परत गेलो. काही नाही. पोट भरत चाललेलं कळत होतं. मुलीनं तोंड वळवून डोळे पुसले ते मला दिसलं आणि माझा धीर सुटला. मनात तो एकच शब्द. कायमची. दुकानाच्या किल्ल्या कोणाला द्यायच्या, इथपर्यंत मी पोचलो होतो. बायकोवर ओरडलो, "काहून बघून राहिली सारखी? जा ना बाहेर!" ती गेली नाही. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात दारात व्याही. खाप्याहून पहिल्या बसनं निघाले होते, सदरा चुरगळलेला. त्यांनी तिघांचे चेहरे बघितले, कुणाला काही विचारलं नाही. चपला काढल्या, सरळ पलंगाशी आले आणि माझ्या बगलेत हात घातला. "चला, इवाई."

"तुम्ही? नाही, नाही! सिस्टर आहे ना..."

"चला म्हनलं."

मला त्यांनी उभं केलं आणि चालवत नेलं. बाथरूममध्ये दोघंही आत. मी म्हणालो, तुम्ही बाहेर थांबा, मला लाज वाटते. ते म्हणाले, "मी कुठं पाहून राहिलो?" आणि भिंतीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. एका हातानं मागून माझं कोपर धरलेलं, मी पडू नये म्हणून. आणि मग त्या बसच्या कंडक्टरला शिव्या द्यायला लागले. सुट्टे नाहीत म्हणून तो कसा बोलला, हे कसे बोलले, मागची एक बाई कशी मध्ये पडली आणि तिची कोंबडी कशी सुटली. मी ऐकत होतो. त्या कोंबडीनं ड्रायव्हरच्या मांडीवर उडी मारली आणि मला हसू आलं. टाक्यांत कळ गेली. आणि खाली एक थेंब पडला. मग आणखी एक. आग झाली, अशी आग की डोळ्यांपुढे काजवे. मग एक बारीक धार, तुटली, पुन्हा आली, आणि मग आली ती आली. आवाज यायला लागला. व्याही बोलता बोलता थांबले.

धार संपली. त्यांनी वळून बादलीतला मग उचलला आणि पाणी ओतलं. मी म्हणालो, "अहो तुम्ही नका, तुम्ही मुलाचे वडील..." ते म्हणाले, "चूप बसा," आणि आणखी एक मग ओतला.

मुलीच्या लग्नात गुरुजींनी सांगितलं म्हणून आम्ही व्याहीभेट केली होती. फेटे एकमेकांवर आपटले होते, फोटोवाल्यानं पुन्हा करायला लावलं होतं. इतक्या वर्षांत त्यानंतर मी त्यांना कधी हातही लावला नव्हता. त्या ओल्या फरशीवर, अनवाणी, मी त्यांच्या गळ्यात पडलो आणि लहान पोरासारखा रडलो. त्यांनी मला रडू दिलं. त्यांच्या सदऱ्याचा खांदा भिजला.

थोड्या वेळानं ते माझी पाठ थोपटत म्हणाले, "पुरे आता. गाऊन सुटून राहिला मागून." आणि मला हळूच वळवून, मिश्यांत हसत, त्यांनी माझ्या गाऊनच्या नाड्या बांधायला घेतल्या.